चिंधी बांधलेलं वांगं

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिच्यावर रागावलेलो होतो, आणि खोटं कशाला बोलू, दीड महिना झाला तरी तो राग पुरता गेलेला नाही. चारच दिवस आधी आमचं फोनवर वाजलं होतं. यंदा थंडी जोरात पडणार, थोडे दिवस येऊन राहा, वांग्यांवर आडोसा करायला हात लाव, असं तिचं म्हणणं. मी धुळ्याहून पाचोऱ्याकडच्या तिच्या गावी जायचं, ते वांग्यांसाठी? माझे गुडघे, तिचा दमा, डॉक्टरांनी पहाटे बाहेर पडू नका म्हणून बजावलेलं... हे सगळं ऐकवून मी फोन ठेवून दिला. त्यानंतर एका दुपारी ती जेवून आडवी झाली, ती उठलीच नाही.

ही माझी थोरली बहीण. मूलबाळ नाही, भाऊजी जाऊनही बरीच वर्षं झालेली. घरामागचा भाजीचा मळा हाच तिचा संसार. जागा नाल्याकाठची, खोलगट. आमच्या खानदेशच्या उन्हाळ्याबद्दल सगळे बोलतात, पण पौषात त्या खोलगटात पानांवरचं दव गोठतं आणि ऊन वर आलं की झाड उकडल्यासारखं काळं पडतं. म्हणून उत्तरेला कपाशीच्या पऱ्हाट्यांचं दाट कुंपण, संध्याकाळी वाफ्यांना पाणी, पहाटे ओल्या काडीकचऱ्याचा धूर. मेथी होती, टमाटे होते, वाल होता, पण तिचा जीव भरताच्या हिरव्या वांग्यांत. बी तिच्या सासूकडून आलेलं. दर हिवाळ्यात ती झाडाझाडाशी वाकून एक फळ निवडायची आणि त्याच्या देठाला लाल चिंधी बांधायची. त्याला कुणी हात लावायचा नाही. ते झाडावरच पिवळं पडायचं, मग त्याचं बी धुऊन, राखेत घोळून ठेवायची. पेरून उरलेलं गावात वाटून मोकळी. स्वतःजवळ जुना दाणा म्हणून ठेवायची नाही.

मागच्या हिवाळ्यात, दिवाळीला मी तिला चांगलं जाडजूड ब्लँकेट नेऊन दिलं. जानेवारीत गेलो तर ते वांग्यांवर पसरलेलं, वरचं दव कडक झालेलं, आणि बाई विरलेल्या गोधडीत खोकत बसलेली. माझं डोकंच फिरलं. नको नको ते बोललो. तिनं शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माले गोधडी शे. त्यासले कोन शे?" मी कपाळावर हात मारून घेतला नि चहा प्यायलो.

दहाव्याला नदीवर कावळा शिवेना. तास गेला, माणसं चुळबुळ करायला लागली. तेव्हा तिची पुतणसून पुढे आली. मोठी समजूतदार बाई. म्हणाली, चंपाषष्ठी सुतकात आली, खंडोबाचा भरीत-रोडग्याचा नैवेद्य राहून गेला. अक्कांनी त्यासाठी एक वांगं चिंधी बांधून राखलं होतं, सकाळी त्याचंच भरीत केलंय, ते ठेवून बघा. ठेवलं. कावळा लगेच उतरला. सगळ्यांनी हात जोडले, म्हातारीचा जीव भरतात अडकला होता म्हणाले, आणि मीही ढसाढसा रडलो. चिंधी कशाची असते हे मी चाळीस वर्षं बघत आलो होतो. त्या घोळक्यात ते ठाऊक असलेला मी एकटा, आणि मलाच काही सुचलं नाही. वर घरी येऊन उरलेलं भरीत दोनदा मागून घेतलं. काय चव होती, असंही म्हणालो.

दुसऱ्या दिवशी परगावाहून परतलेले शेजारचे नाना मळ्यात डोकावले. झाडाझाडाशी वाकून बघितलं. मग विचारलं, "भाऊ, चिंधीवालं वांगं कोठे गये?" तेव्हा कुठे मला कळलं, आम्ही बियाचं वांगंच खाऊन बसलो होतो. अक्कानं ज्यांना बी दिलं होतं त्यांची घरं मी एकेक करून पालथी घातली. दोन-तीन वर्षांपासून सगळे नर्सरीतली तयार रोपं आणतात. कुणाकडे दाणा नाही. दहाव्याच्या जेवणासाठी झाडं ओरबाडून घेतलेली, आणि थंडीत नवं फळ धरेना. त्या चिंधीच्या झाडावर तेवढं एक होतं, पानाआड, लिंबाएवढं. राग कुणावर काढू? सुनेनं सगळं मायेनं केलं. आणि अक्का, तुला एवढं सगळं जमायचं, मग एका माणसाला तरी नीट बसवून सांगायचं होतंस ना... पण सांगायलाच तर बोलावत होतीस.

मी अजून इथेच आहे. लाल चिंधी चुलीजवळच्या केराशी सापडली, ती धुऊन त्या फळाच्या देठाला बांधली. रोज संध्याकाळी वाफ्याला पाणी देतो, काठ्या रोवून ब्लँकेट पसरतो आणि तिच्या गोधडीत शिरतो. गोधडीला धुराचा वास आहे आणि पायाशी दोन भोकं. काल धुळ्याहून मुलाचा फोन आला, तेव्हा मी खोकत होतो. एवढ्या थंडीत तिथे राहायचं, ते वांग्यासाठी? तुमचे गुडघे, तुमचं वय, आणि ब्लँकेट कुठेय... हे सगळं ऐकवून त्यानं फोन ठेवून दिला.

वांगं अजून हिरवंच आहे.