सगळ्यांना सांगणारी नलू

नलूच्या सचिनचा फोन आला तेव्हा मी साताऱ्यात मंडईत भाजी घेत होते. "मावशी, आई गेली," एवढंच तो म्हणाला आणि रडायला लागला. नलूला काही होतंय हेच मला ठाऊक नव्हतं. तिला स्वतःला तरी कुठे होतं... दुपारी जेवून आडवी झाली, ती उठलीच नाही.

नलिनी आणि मी सांगलीला लहान मुलांच्या वॉर्डात वर्षानुवर्षं बरोबर नर्स होतो. बाई तोंडाची फटकळ. तापानं फणफणलेलं पोर कुणी गोधडीत गुंडाळून आणलं, की आधी गोधडी काढायची आणि मग आजीला फैलावर घ्यायची. "आवं, तापल्याल्या पोराला आनी तापवताय व्हय?" आजी ओशाळायची आणि जाताना हिलाच तोंडभर आशीर्वाद देऊन जायची. पण एखादं पोर हाकेला वळत नाही, बोटानं काही दाखवत नाही असं दिसलं, की नलूचा आवाज खाली यायचा. आईला बाजूला घेऊन सांगायची, "घाबरू नगंस, पर दाखवून घे. काय हाय ते डॉक्टर सांगतील. आपन वेळ घालवायचा न्हाई." कित्येक आया चिडून निघून जायच्या. त्यातल्या काहीजणी काही महिन्यांनी परत यायच्या, तेव्हा नलू चुकूनही टोमणा मारायची नाही. मी मारला असता.

मग तिला नातू झाला. सचिन शिरवळला एका कंपनीत, सून अश्विनी खंडाळ्याकडची. ओम दीड वर्षाचा असताना नलू तिकडून परस्पर माझ्याकडे आली. चहा निवला तरी कपाला हात लावेना. "बोट दाखवत न्हाई गं. हाक मारली तर बघत न्हाई. भांडं पडलं की दचकतो, म्हंजी ऐकू येतंय."

"मग सांग की घरात."

"सांगितलं..."

सचिननं हसण्यावारी नेलं होतं. तो स्वतः तीन वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता, आणि हे कौतुक नलूनंच प्रत्येक लग्नात, बारशात सांगितलेलं. आता तेच तिला ऐकवलं गेलं. व्याही मिलिटरीतून रिटायर झालेले. ऊस आणि आवाज दोन्ही जोरात. "आमच्या नातवाला येडा ठरवताय व्हय? दवाखान्यात हयात गेली, तुमाला सगळी पोरं आजारीच दिसत्यात." नातवाकडे यायचं असेल तर हा विषय काढायचा नाही, असं ठरलं. आणि नलू गप्प बसली. मला तिचा राग आला, अजून येतो. पोराचं अख्खं वर्ष गेलं. पण नातू तुटला असता तर तिनं काय करायचं होतं, हेही मला सांगता येत नाही.

परवा माधवनगरला तिच्या घरी गेले. सचिन कामावर परतला होता, अश्विनी कपाटं आवरायला मागं राहिली होती. ओम फरशीवर बसून डब्याचं झाकण गरगर फिरवत होता. मी दोनदा हाक मारली, त्यानं मान वर केली नाही. अश्विनी बघत होती.

"मावशी, आई बरोबर म्हनत व्हत्या का?"

मी हो म्हटलं. खोटं बोलायला जीभ रेटेना.

ती रडली नाही. "मलाबी दिसत व्हतं. पर त्या परत कवा बोलल्याच न्हाईत. मला वाटलं, त्यास्नी म्हाईत असतंय, त्या गप हायत म्हंजी काय नसंल."

नलूच्या गप्प राहण्याचा असा अर्थ कुणी लावला असेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. नलूच्याही आलं नसावं.

"सोमवारी तपासनीला नंबर लावलाय," अश्विनी म्हणाली. "यांना अजून सांगितलं न्हाई."

मग तिनं बिस्किटाचा पुडा घेतला, ओमच्या समोर येऊन मांडी घातली आणि एक बिस्कीट स्वतःच्या डोळ्यांजवळ धरलं. "आई आल्या की असंच करायच्या. त्यानं तोंडाकडं बघितल्याबिगर द्यायच्या न्हाईत. मला वाटायचं, खेळवत्यात."

ओमनं बिस्किटाकडे पाहिलं आणि हात पुढे केला. अश्विनीनं ते खाली आणलं नाही. "ओम," तिनं हाक मारली, आणि वाट बघत तशीच बसून राहिली.