फुटका सायलेन्सर आणि चौथं स्थळ

आमच्या गाडीचा सायलेन्सर फुटलाय हे अख्ख्या कऱ्हाटी गावात सगळ्यांत शेवटी मला कळलं, कारण गाडी माझी होती.

तक्रारी तशा दोन महिने येत होत्या. गाडी गल्लीत शिरली की माणसं ट्रॅक्टर आला समजून बाजूला होत. मी म्हणायचो, "इंजिनात दम आहे!" गाडी डिझेल जास्त प्यायला लागली, मी पंपवाल्याला नावं ठेवली. आत धुराचा वास यायला लागला, मी मोगऱ्याच्या अत्तराची बाटली आणून टांगली. खाली लोंबणारा पाइप तारेनं बांधला आणि ती कलाकुसर चार जणांना वाकून बघायला लावली. धाकटा भाऊ संतोष दोनदा म्हणाला, "दादा, एकदा गॅरेजला दाखवू." मी त्याला सुनावलं, "गाडीतलं तुला काय कळतं?" (मला काय कळत होतं, ते पुढं येईलच.)

अशा सुसज्ज गाडीतून आम्ही संतोषसाठी इंदापूरकडं मुलगी बघायला निघालो. स्थळ चौथं. आधीची तीन मोडलेली. हेही मोडलं तर आपण पुन्हा कुणाच्या घरी पोहे खायला येणार नाही, असं त्यानं निक्षून सांगितलं होतं, त्यामुळं आईचा जीव टांगणीला लागलेला.

गाडीच्या आवाजात बोललेलं ऐकू येईना, म्हणून मी सगळ्या काचा वर केल्या. आवाज कमी झाला. केवढी ही अक्कल!

बारामती मागं पडली आणि आईचं डोकं दुखायला लागलं. मग वडिलांना, म्हणजे आबांना, मळमळायला लागलं. नवरदेव तर चक्क पेंगायला लागला.

"दिष्ट लागली माझ्या लेकराला," आई म्हणाली. "गाडी थांबीव आधी!"

रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीपाशी तिनं आम्हाला रांगेत उभं केलं, मीठ-मिरच्या ओवाळल्या आणि टपरीवाल्याच्या चुलीत टाकल्या. ठसका कुणालाच लागला नाही. म्हणजे दृष्ट जबरदस्त! आणि खरोखर, दहा मिनिटांत सगळ्यांना हुशारी वाटायला लागली.

"बघितलंस?" आई म्हणाली.

मोकळ्या हवेचं श्रेय मिरच्यांनी घेतलं. आम्ही पुन्हा गाडीत बसलो आणि मी पुन्हा काचा वर केल्या.

मुलीच्या दारात उतरलो तेव्हा आबा (ज्यांनी जन्मात सुपारीसुद्धा चाखली नाही) तीन पावलं सरळ चालले, दोन आडवी चालले आणि तुळशीचा कट्टा धरून बसले. संतोषचे डोळे लालभडक. आई भिंतीला टेकलेली. मी परिस्थिती सावरायला हसत होतो, आणि तेच सगळ्यांत वाईट दिसत होतं.

मुलीचे वडील तात्या आपल्या भावाच्या कानात बोलले, पण गावभर ऐकू गेलं. "सकाळी अकरालाच? समदं घरच घिऊन आलंय की रं!"

चौथं स्थळही गेलं, माझ्या डोळ्यांदेखत.

तेवढ्यात मुलगी बाहेर आली. स्वाती तिचं नाव. घरचा ट्रॅक्टर तीच चालवायची. आमच्याकडं न बघता ती सरळ गाडीखाली वाकली.

"तात्या, पिलेली न्हाईत ही माणसं. सायलेन्सर पुढनंच फुटलाय, धूर समदा आत जातोय. काचा बंद व्हत्या का?"

"व्हत्या," संतोष म्हणाला.

"आजून अर्धा तास आसंच बसला असता, तर आमाला मयतीला यावं लागलं असतं! तुमाला कळलं न्हाय व्हय?"

"दोनदा बोललो मी. पर दादा थोरला हाय."

आई-आबांना, भावाला मी काय करायला निघालो होतो! स्वाती मात्र संतोषकडं बघून हसली. आमच्या गाडीत निदान एकाला तरी डोकं आहे, हे तिला पटलं असावं. आत गेल्यावर तिनं पोह्यांच्याही आधी "मला पसंत हाय" सांगून टाकलं.

आईनं डोळे पुसले. तात्या खुशीत येऊन आबांच्या शेजारी बसले.

"आता सोयरीक जुळलीच, म्हणून इचारतो. थोरलं पावणं काय करत्यात?"

"हायस्कुलात मास्तर हाय," आबा अभिमानानं म्हणाले.

"आरं वा! कंचा इषय?"

अकरा वर्षं मी नववीला विज्ञान शिकवतो. बंद गाडीत धूर साचला की माणसाचं काय होतं, हे दर वर्षी फळ्यावर आकृती काढून समजावतो.

आबांनी तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "इतिहास."