ईश्वरीच्या जर्मनचं ऑडिट

ज्या रविवारी आमच्या मुलीचं भवितव्य ठरायचं होतं, त्या रविवारी ती घरातच नव्हती. बाकी सगळी तयारी जय्यत होती.

भवितव्य म्हणजे असं की, ईश्वरी यंदा तिसरीत गेली आणि शाळेने पालकसभेत जाहीर केलं की ज्यांना हवं त्यांनी मुलांची परदेशी भाषा तिसरीपासून सुरू करावी, नको त्यांनी सहावीपासून. सहावीत भाषेला वेगळा तास असतो. तिसरीत मात्र तो खेळाच्या तासाला होणार होता. म्हणजे भाषावाली मुलं वर्गात आणि बाकीची मैदानावर. काय ते सोमवारी कळवायचं होतं.

आमच्या मोशीतल्या सोसायटीत परदेशी भाषा निवडणं फार सोपं असतं. बाप ज्या देशाच्या कंपनीत, त्या देशाची भाषा पोराच्या कपाळी. वरच्या मजल्यावर जपानी, समोरच्या दारात कोरियन. मी चाकणला एका जर्मन कंपनीला पार्ट पुरवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला आहे, त्यामुळे ईश्वरीची जर्मन तिच्या बारशालाच ठरली होती. प्रश्न फक्त कधी सुरू करायची एवढाच. मी म्हणत होतो आत्ता, माझी बायको सुरेखा म्हणत होती सहावीत. ईश्वरीला कोणी विचारलंच नव्हतं. तिला खो-खोचं इतकं वेड, की जेवायलासुद्धा ती एक पाय पुढे टाकून उकिडवी बसायची, कधीही उठून पळायच्या तयारीत.

"लवकर शिकलेली भाषा पक्की बसते," मी म्हणायचो.

"तुम्ही इंग्रजी पाचवीत सुरू केलंत ना? मग मॅनेजरला मेल लिहिताना अजून मला का विचारता?"

"म्हणूनच सांगतोय. पाचवीत उशीर होतो!"

असं आठवडाभर चाललं. शेवटी मी तोड काढली. आमच्या कारखान्याचं ऑडिट करायला जर्मन कंपनीकडून योखेन साहेब येतात. म्हटलं, ज्याची भाषा आहे त्यालाच घरी जेवायला बोलावू, तो सांगेल तसं करू. सुरेखा चटकन कबूल झाली. मला तिथेच संशय यायला हवा होता, पण मी मनातल्या मनात जिंकून पेढे वाटत होतो.

ऑडिट म्हणजे काय, हे चाकणबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. गिऱ्हाईक कंपनीचा माणूस आपला कारखाना तपासायला येतो. तो यायच्या आधी आपण फरशीवर पिवळे पट्टे मारतो, यंत्रं पुसतो, प्रत्येक वस्तूवर तिच्या नावाची चिठ्ठी चिकटवतो, आणि जो माल बिघडलेला किंवा संशयास्पद वाटतो तो टेम्पोत भरून बाहेर फिरायला पाठवतो. साहेब आत तोवर टेम्पो रस्त्यावर. साहेबाची गाडी गेटबाहेर पडली की टेम्पो परत. (असं सगळीकडे चालतं असं माझं म्हणणं नाही. आमच्याकडे तर मुळीच चालत नाही. तसं आम्ही लेखी दिलेलं आहे.)

आता योखेन साहेबांना मी आजवर फक्त ऑडिटलाच भेटलेलो. त्यामुळे ते घरी येणार म्हटल्यावर माझ्या डोक्यात पाहुणचार आलाच नाही, ऑडिटच आलं. शनिवारी मी स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या. चपला कुठे काढायच्या तिथे पिवळी पट्टी मारली. देवघराभोवती मारायला निघालो तेव्हा सुरेखाने माझ्या हातातून पट्टीचं रीळच काढून घेतलं. मग मी तिला समजावलं की साहेब विचारतील तेवढंच उत्तर द्यायचं, आपणहून काही सांगायचं नाही. ती म्हणाली, "मी तर आपणहून गप्पच बसणार आहे." मला तिचा हा गुण फार आवडला.

खरी मदार ईश्वरीवर होती. ऑडिटला एक नमुन्याचा पीस समोर ठेवावा लागतो, तशी ती. मोबाइलवर व्हिडिओ लावून मी तिच्याकडून जर्मन नमस्कार आणि वीसपर्यंतचे अंक घोटून घेत होतो. आइन्स, त्स्वाय, द्राय करत गाडी बारापर्यंत सुसाट जायची आणि तेराला पंक्चर व्हायची. परत आइन्स. परत पंक्चर. साहेबांनी वीसपर्यंत ऐकलं की ते आपणच म्हणणार, अरे, हिला आत्ताच सुरू करा! पोरगी रडकुंडीला आली होती. मी तिला सांगत होतो की सराव कमी पडतोय.

रविवारी सकाळी मी सुरेखाच्या वडिलांना बोलावलं. मी त्यांना मामा म्हणतो. मामा चऱ्होलीचे. तिथल्या शेतांवर आता टॉवर उभे राहिलेत, पण त्यांनी मधला एक तुकडा राखलाय, त्यावर दोन म्हशी आणि एक टेम्पो. मी त्यांना मोघम सांगितलं, "मामा, ज्याचा भरवसा नाही ते सगळं टेम्पोत घाला आणि घेऊन जा. साहेब गेले की परत आणा." मामांनी कधी कुणाला कारण विचारलेलं नाही. "व्हय," म्हणाले आणि कामाला लागले. किंचाळणारा कूलर गेला, कापूस बाहेर काढून बसलेली गादी गेली, डुगडुगणाऱ्या खुर्च्या गेल्या, जिच्यावर फक्त कपडेच व्यायाम करतात ती सायकल गेली. मी आंघोळीला गेलो, बाहेर आलो तर टेम्पो निघून गेला होता आणि घर कसं लखलखीत दिसत होतं.

साहेब वेळेवर आले. पट्टी बघून बरोबर तिथेच बूट काढले (ऑडिटरला पट्टी दिसतेच), डब्यांवरच्या चिठ्ठ्या वाचल्या, सोफ्यावर बसले आणि इंग्रजीत विचारलं, तुमची छोटी कुठे आहे?

मी हाक मारली. उत्तर नाही. सुरेखा बेडरूममध्ये बघून आली, मग बाल्कनीत, मग बाथरूममध्ये. आता ऑडिटचा पहिला नियम, "माहीत नाही" हे कधीही म्हणायचं नाही. मी साहेबांना म्हणालो, तिची तयारी चाललीये. मग पाणी आणायच्या निमित्ताने उठलो आणि पलंगाखाली वाकून बघितलं. मग समोरच्यांचं दार वाजवलं. त्यांच्याकडे नव्हती. जिन्याने खाली पार्किंगमध्ये गेलो, तिथेही नव्हती. मामांना फोन लावला, पण टेम्पो चालवताना मामा फोन उचलत नाहीत. (थांबलेला असतानाही उचलत नाहीत.)

वर आलो तर सुरेखा दारात उभी होती. तिलाही ती कुठेच सापडली नव्हती. त्या क्षणी जर्मन, तिसरी, सहावी, सगळं गेलं खड्ड्यात असं वाटलं. साहेब केव्हाच उठून उभे राहिले होते. त्यांनी हळूच विचारलं, मुलगी सापडत नाहीये का?

आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी ऑडिटरसमोर खरं बोललो. म्हणालो, "नाही सापडत. कुठे आहे, मला माहीत नाही."

साहेबांनी बूट चढवले. तिघंही खाली धावलो. गेटवरचा वॉचमन आरामात म्हणाला, "ईश्वरी? ती आजोबांबरोबर टेम्पोत गेली की. मला टाटा पण केला."

मी तिथेच कठड्यावर बसलो. आधी देवाचे आभार मानले, मग मामांच्या नावाने काहीबाही बोललो, तेही सुरेखाच्या समोर. साहेब म्हणाले, माझी गाडी आहे, चला. आता ऑडिटर स्वतःच्या गाडीने रिजेक्ट मालाच्या मागे निघाला, असा प्रकार अख्ख्या चाकणच्या इतिहासात झाला नसेल!

चऱ्होलीला पोचलो. चारी बाजूंनी टॉवर आणि मध्ये मामांचं ते हिरवं ठिगळ. मामांनी माल टेम्पोत तसाच ठेवला नव्हता. जांभळाखाली गादी अंथरली होती, शेजारी खुर्च्या मांडल्या होत्या, कूलर म्हशींकडे तोंड करून ठेवला होता. जे जे साहेबांच्या नजरेआड करायचं होतं, ते सगळं एका जागी, छान उजेडात मांडून ठेवलेलं होतं. आणि पलीकडे वस्तीतल्या पोरांबरोबर ईश्वरी खो-खो खेळत होती, धुळीने माखून, केस मोकळे सोडून. तिला बघून सुरेखाचे डोळे भरून आले. माझेही आले, पण मी ते धुळीवर ढकललं.

"मामा, पोरीला का आणलंत?"

मामा शांतपणे म्हशीला पेंड घालत होते. "तुमीच म्हनला न्हाई का पाव्हणं, ज्याचा भरवसा न्हाई त्ये टेम्पोत घाला? पोरगी म्हनली, आबा, बाराच्या फुडं माजा भरवसा न्हाई, मला बी न्या. मंग घेतली."

तेवढ्यात साहेब एका डुगडुगत्या खुर्चीकडे वळले. मी ओरडलो, ती नको, ती रिजेक्ट आहे! ते तरीही बसले. खुर्चीने त्यांना व्यवस्थित सांभाळलं. मी हायसं वाटून शेजारच्या खुर्चीवर बसलो आणि तिचे चारही पाय चार दिशांना गेले. ईश्वरी हसत हसत धावत आली.

मी जमिनीवरूनच साहेबांना मूळ प्रश्न विचारला, हिने जर्मन कधी सुरू करावी? साहेबांनी तो प्रश्न तसाच ईश्वरीला विचारायला सांगितलं. आता आली का पंचाईत! मी मराठीत विचारलं. ती म्हणाली, "खेळाचा तास जाणार नसेल तर आत्ता. जाणार असेल तर सहावीत." आणि वर, "मला कुणी विचारलंच नव्हतं, बाबा."

मी साहेबांना इंग्रजीत सांगितलं की ती विचार करतेय.

सुरेखा म्हणाली, "थांबा, मी सांगते." आणि तिने सगळं सांगितलं. ईश्वरीचं उत्तर, तेराचं पंक्चर, डब्यांवरच्या चिठ्ठ्या शनिवारच्या आहेत, माल टेम्पोत का गेला, सगळं. आपणहून, शुद्ध इंग्रजीत, न अडखळता. मी गादीतला कापूस आत कोंबत बसलो.

साहेब खूप वेळ हसले. मग ऑडिटच्या शेवटी उभे राहतात तसे उभे राहिले आणि निकाल दिला. पीस उत्तम आहे, त्याला हात लावू नका, सहावीपर्यंत पळू द्या. दोष पद्धतीत आहे. पद्धत चालवणाऱ्या माणसाला ताबडतोब ट्रेनिंग द्या. एवढं बोलून ते बूट-मोजे काढून खो-खोच्या रांगेत जाऊन बसले आणि ईश्वरी त्यांना मराठीत ओरडून ओरडून शिकवू लागली. त्यांना सगळं कळत होतं. जेवण सुरेखाने मामांचा टेम्पो घरी पाठवून डब्यांतून तिथेच मागवलं, चिठ्ठ्यांसकट.

ऑडिटमध्ये काढलेला दोष दूर करावाच लागतो, त्यात सुटका नाही. त्यामुळे ईश्वरी शाळेत खेळाच्या तासाला मैदानावर असते आणि मी दर रविवारी चिंचवडला जर्मनच्या वर्गात. वर्गात मी सोडून सगळे सहावी-सातवीतले आहेत. शेजारचा मुलगा मला काका म्हणतो आणि उत्तरं झाकून ठेवतो. तरी खरं सांगतो, मला मजा येतेय. घरी आलो की ईश्वरी माझा अभ्यास घेते आणि सराव कमी पडतोय म्हणते.

परवा पहिली चाचणी झाली. बारापर्यंत मी सुसाट होतो. बाईंनी कच्च्या मुलांना पुढच्या रविवारी पालकांना घेऊन यायला सांगितलंय. सुरेखाने साडीसुद्धा काढून ठेवलीये. मी मात्र मामांना फोन लावतोय, त्या दिवशी मला न्यायला टेम्पो मोकळा आहे का विचारायला.