सरांचे गुडघे

लोणी काळभोरच्या आमच्या कॉलेजात एक सहकारी बाई रोज दुपारी गुडघ्यांना बाम चोळतात. काल त्या उग्र वासाने मला विश्रांतवाडीच्या शाळेतला गणिताचा एक तास आठवला.

आम्ही नुकतेच यवतमाळहून पुण्यात आलो होतो. मास्तर जवळ आले की उभं राहायचं, हे माझ्या अंगात मुरलेलं. इथले सर मात्र शिकवताना सतत बाकांमधून फिरायचे, त्यामुळे माझी तासभर उठबस चालायची. वर्ग हसायचा. उभं राहिलं की माझ्या तोंडून शब्द फुटत नसे, आणि गणित अडलंय हे सांगायचं राहून जाई. चाचणीत नापास झाले, तरी गप्पच.

त्या दिवशी मी उठणार, तेवढ्यात सर माझ्याच बाकावर येऊन बसले. त्यांच्या शर्टाला खडूचा आणि सायकलच्या ग्रीसचा वास होता. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "आता तू उठलीस तर मलाही उठावं लागेल. माझे गुडघे दुखतात."

मी बसून राहिले. दोघंही समोरच्या फळ्याकडे बघत होतो. थोड्या वेळाने मी म्हणाले, "सर, मले हे समजलंच नाही."

"बरं झालं सांगितलंस. मला वाटलं, दिवाळीपर्यंत थांबावं लागतंय."

प्रशिक्षणात याला आता देहबोली म्हणतात. मीही विद्यार्थ्यांशेजारी जाऊन बसते, आणि माझे गुडघे खरोखरच दुखतात.

सर तेव्हा तिशीचे असतील. दर रविवारी ते सायकलने खडकवासल्याला जाऊन यायचे.