एकदाच घेतलेलं नाव

चिकलठाण्याच्या एका कारखान्यात संघपाल प्रेस शॉपचा, म्हणजे लोखंडी पत्रे दाबून कापणाऱ्या यंत्रांच्या विभागाचा, सुपरवायझर आहे. माणूस सरळ, कामाला वाघ, पण बोलायला लागला की ऐकणारा मेटाकुटीला येतो. कुठलीही गोष्ट नाव घेतल्याशिवाय तो सांगतच नाही, आणि एकदा घेतलेलं नाव पुन्हा पुन्हा घ्यायचा त्याला कंटाळाही येत नाही. घरी जेवायला बसला तर म्हणणार, "रत्नमाला, भाजीत मीठ कमी आहे. भाजी आळणी लागते. भाजीत मीठ टाक." त्याची बायको रत्नमाला मिठाचा चमचा दाखवत म्हणते, "भाजीतच टाकते हो, पाण्याच्या हंड्यात नाय टाकत."

ही खोड जन्माची नाही. ती त्याला बन्सीमामांनी लावली.

संघपाल आयटीआय करून नवाच लागला होता तेव्हा बन्सीमामा तिथले जुने ऑपरेटर. वैजापूरकडचे, शेतकरी घरातले, बोलणं एक घाव दोन तुकडे. एकदा पाळी संपल्यावर काम हवाली करताना ते हात पुसत म्हणाले, "तो बंद हाय. आतलं भंगार काढून घे." शेजारी शेजारी दोन प्रेस. मामांच्या मनात होता तीन नंबर, आणि संघपाल उभा होता चार नंबरपुढं. नव्या माणसाला विचारायची लाज. 'व्हय मामा' म्हणून त्यानं चार नंबरमध्ये उजवा हात घातला. मामा निघाले होते, पण काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी मागं वळून पाहिलं आणि झेप घेऊन त्याला ओढलं. प्रेस खाली आला. आत राहिला तो फक्त हातमोजा, पापडासारखा चपटा झालेला. मामांचं कोपर लोखंडावर आपटलं ते आजही सरळ होत नाही.

दुसऱ्या दिवसापासून मामांनी शॉपमध्ये स्वतःचा कायदा लागू केला. 'तो', 'ती', 'ते' सगळं गेटाबाहेर ठेवून यायचं. "तीन नंबर बंद हाय. चार नंबर चालू हाय. भंगार तीन नंबरमधलं काढ." असं सांगायचं, आणि ऐकणाऱ्यानं ते शब्दन् शब्द परत म्हणून दाखवायचं. लोक हसले, कुणी पोपटांची शाळा म्हणालं. पण त्यानंतर त्या शॉपमध्ये कुणाचं बोटसुद्धा गेलं नाही. ह्या शाळेत सगळ्यांत पक्का तयार झाला तो संघपाल.

एक गोष्ट मात्र त्याला कधी जमली नाही, ती म्हणजे मामांचे आभार मानणं. तोंड उघडलं की मामा तोडून टाकत. "चूक कोनाची? माझी. मंग आभार कसले मानतो? गप काम कर." स्वतःच्या लग्नात त्यानं प्रयत्न केला, तर मामांनी "आधी जेव" म्हणून वाटेला लावलं. मामा निवृत्त झाले त्या दिवशी संघपालनं हार घालून बोलायला सुरुवात केली, तर मामांनी तोच हार काढून त्याच्या गळ्यात घातला आणि सरळ चालू लागले. माणसाच्या छातीवर उपकाराचं ओझं असावं आणि समोरच्यानं ते उतरवूच देऊ नये, ह्याला काय म्हणावं? मामा आता थकत चालले होते. आपलं बोलणं राहूनच जाईल, ही धास्ती संघपालला आतून कुरतडत होती.

अशात कंपनीनं फर्मान काढलं की सुपरवायझरांनी अहवाल इंग्रजीत लिहायचे, आणि इंग्रजी बरं हवं. संघपालनं क्रांती चौकात, एका चपलांच्या दुकानाच्या माडीवर चालणाऱ्या सुलेखा मॅडमच्या इंग्रजीच्या वरच्या वर्गात नाव घातलं. मॅडम शिकवायला उत्तम, जीभ मात्र लवंगी मिरची. वर्ग संपताना त्यांनी सगळ्यांना काम दिलं. ज्याचे आभार मानायचे राहिलेत अशा माणसावर एक पान लिहायचं, आणि त्याच्याकडं जाऊन ते वाचून दाखवायचं. संघपालला दुसरं कोण सुचणार!

त्याचं पान वाचून मॅडमनी चष्मा काढला. "संघपाल, हा निबंध आहे का हजेरी? बन्सीमामा वळले, बन्सीमामांनी पाहिलं, बन्सीमामांनी बन्सीमामांचा हात पुढं केला. अहो, कळलं की आम्हाला बन्सीमामा कोण ते! आता इंग्रजीतला 'ही' लिहा, म्हणजे 'तो'. मधे कुठं 'द ओल्ड मॅन' लिहा. मामा घाबरले आणि तुम्हीही घाबरलात, तर घाबरणं दोनदा कशाला? 'सो वॉज आय', म्हणजे 'मीही तसाच', म्हणा, भागलं."

"मॅडम, 'तो' म्हटल्यामुळंच माझा हात जाणार होता," संघपाल म्हणाला, आणि त्यानं घडलेलं सगळं सांगितलं.

मॅडमनी चष्मा परत लावला. मग त्या सावकाश म्हणाल्या, "तुमच्या मामांचं बरोबरच आहे. प्रेसजवळ नाव घ्यायलाच पाहिजे, तिथं चुकायला सवडच नाही. पण कागद वाचणाऱ्याला मागची ओळ बघता येते. त्याच्यावर जरा भरवसा टाका."

सांगणं सोपं. घरी 'ही' लिहायला गेलं की संघपालचा हात आखडायचा.

एका संध्याकाळी तो असाच पेन चावत बसला होता, आणि ओट्यावर त्याची आई गीताबाई शेजारच्या पारूबाईशी बोलत होती. "ह्यांना गूळ लई आवडायचा. मी दडवून ठेवायची, अन् हे बरोबर हुडकून काढायचे." वडील जाऊन बरीच वर्षं झालेली. आईनं जन्मात त्यांचं नाव घेतलं नव्हतं, त्या पिढीच्या बायका घेतच नाहीत. तरी गप्पा रंगल्या, आणि 'हे' म्हणजे कोण, असं पारूबाईनं एकदाही विचारलं नाही. संघपालला हसूही आलं आणि भरूनही आलं. आईच्या बोलण्यात दुसऱ्या कुणाला जागाच नव्हती, मग नाव लागतं कशाला! त्यानं कोरा कागद घेतला, पहिल्या ओळीत मामांचं नाव लिहिलं आणि पुढं इंग्रजीत असं लिहीत गेला. ते मागं वळले. तसं वळायची त्यांना काही गरज नव्हती. जुना माणूस घरी निघाला होता, इतर सगळे निघाले तसाच.

रविवारी तो मामांच्या वस्तीवर गेला. मामा बाजेवर बसले होते, त्यांची बायको भागूबाई चहाचं बघत होत्या, आणि त्यांची बीए झालेली सून सायली कांदे निवडत होती.

"मामा, क्लासचा अभ्यास आहे. तुम्हाला वाचून दाखवायचाय, इंग्रजीत."

"वाच की. मला काय कळतंय त्यातलं!"

संघपालनं वाचायला घेतलं. मामा मान हलवत ऐकत राहिले. कळत नव्हतं, त्यामुळं तोडता येत नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याचं बोलणं सुरुवातीपासून शेवटापर्यंत गेलं. सायलीचे हात मात्र कांद्यांवरच थांबले.

"काय लिवलंय त्यानं?" मामांनी सुनेला विचारलं.

सासऱ्याला तीही मामाच म्हणते. "मामा, तुमचं नाव पहिल्या ओळीत एकदाच हाय. पण आख्खं पान तुमचंच हाय."

मामांच्या कपाळाला आठी पडली. "चूक माझी व्हती, ते लिवलं का रे?"

"लिवलं मामा."

"मंग आभार कशाचे?"

"मागं वळून बघितलं, त्याचे. आन् त्याच्यानंतर कुनाचाच हात जाऊ दिला नाय, त्याचे."

मामांनी तोंड उघडलं. आता ते 'गप' म्हणणार, हे संघपालला ठाऊक होतं. पण तो शब्द काही बाहेर आला नाही. भागूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मामा आपलं वाकडं कोपर चोळू लागले.

"सायली," मग ते म्हणाले, "ह्या बारीला तू संगं संगं मराठीत सांगत जाय. अन् संघपाल, तू परत वाच. सावकाश वाच."