रिकामी होडी

केबिन रोडवर सुक्या बोंबलांचा वास आला आणि मी मनानं उत्तनच्या कोळीवाड्यातल्या आमच्या जुन्या घरी पोचले. अंगणात बोंबील वाळत असायचे, नळ कोरडा असायचा. टीव्हीवर रॉकेट दिसलं की आई भडकायची, "आभाळात पैसे उडवतात, आन आमच्या नळाला पानी न्हाय!" खरंच होतं तिचं, आजही पटतं.

एका संध्याकाळी बातम्यांत रॉकेट समुद्रात कोसळलेलं दाखवलं. आता आईचं तोंड सुटणार, असं मला वाटलं. पण पडद्यावर मान खाली घालून बसलेले शास्त्रज्ञ बघून तिनं टीव्हीचा आवाज बारीक केला. आमच्याकडे होडी रिकामी आली की घरात कुणी काही विचारत नाही, नुसता चहा पुढे करतात.

मग ती म्हणाली, "जातील परत, बिचारे. चहा तरी कोनी दिला असंल का त्यांना?"