नील्या वळला की मी वळायचं

खेळ कुठलाही असो, कप एकाकडे जातो आणि किस्से बाकीच्यांकडे साठतात. आमच्या शिडाच्या होड्यांच्या क्लबात माझ्याकडे बराच साठा आहे. त्याला कारण नील्या. तो लालबागचा, मी परळचा. शिकायला आलो एकाच दिवशी, एकाच बसने.

*

पहिल्या दिवशी सरांनी तासभर वारा समजावला. मी वहीत आकृत्या काढल्या, नील्याने वडापाव खाल्ला. मग तो होडीत बसला आणि पाण्यात खुणेसाठी तरंगणाऱ्या बोयाला वळसा घालून परत आला. मी धक्क्याजवळच उलटलो. मला बाहेर ओढता ओढता सर म्हणाले, "याला म्हणतात टॅलेंट." बघत होते नील्याकडे.

*

मी ठरवलं, आपण प्रॅक्टिसने बाजी मारू. रोज सकाळी गॅलरीच्या ग्रिलला दोरी बांधून गाठी मारायला बसायचो. आमचे बाबा मालवणी. म्हणाले, "बैल हाडतलस काय रे?" म्हणजे, बैल आणणार आहेस का.

महिन्याभराने एक अवघड गाठ जमली. रविवारी क्लबात गेलो तर नील्या तीच गाठ एका हाताने मारत होता. दुसऱ्या हातात मोबाईल. जळलो, खोटं कशाला बोलू.

*

एकदा अभिमान गिळून विचारलंच, "वारा फिरणार हे तुला आधी कसं कळतं रे?"

"कानाला लागतो ना," तो म्हणाला.

त्याच संध्याकाळी सलूनमध्ये जाऊन मी कानावरचे केस उडवले. पुढच्या शर्यतीत शेवटून पहिला आलो. सर म्हणाले, "कटिंग मस्त झालीय."

*

मग राज्याच्या टीमची निवड आली. जागा एकच, आणि वयामुळे माझी ती शेवटची संधी. या वेळी वही घरीच ठेवली. नील्या जाईल तिकडे जायचं आणि शेवटच्या टप्प्यात त्याला गाठायचं, एवढाच प्लॅन.

अर्ध्या शर्यतीपर्यंत तो पहिला, मी दुसरा, बाकीचे बरेच मागे. अचानक त्याने होडी डावीकडे वळवली. बोया तर समोर दिसत होता. म्हटलं, लागला याच्या कानाला वारा. मीही वळलो. मागचे सगळे सरळ गेले. मला त्यांची कीव आली.

धक्का जवळ आला तेव्हा कुठे नील्याने मागे पाहिलं.

"माझं शीड फाटलं, म्हणून रेस सोडली," तो म्हणाला. "तुझं काय मोडलं रे?"

मी म्हटलं, "सुकाणू."